घरात एकाला टीबी निघाला, मग बाकी सहा जणांचं काय?

आमच्या छोटीची, म्हणजे माझ्या पुतणीची, शेवटची गोळी १४ ऑगस्टला संपली. १८० दिवस रोज एक वेळ. तिला टीबी झालेला नव्हता, तो होऊ नये म्हणून ही औषधं होती. जानेवारीत हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आशाताईंना जरा तोडूनच बोलले होते: "आजारी नसलेल्या लेकराला औषध कशाला घालायचं?" आज दुसऱ्या कुणाच्या घरात हाच प्रश्न उभा असेल, म्हणून आमचे सात महिने जसे गेले तसे लिहून ठेवते.

आमचं घर हातकणंगले तालुक्यात. तीन खोल्या आणि माणसं सात: सासूबाई (आम्ही आत्या म्हणतो), मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी. मी पतसंस्थेत काम करते. भावजी यंत्रमागावर आहेत, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी.

२०२४ च्या दिवाळीनंतर भावजींना खोकला लागला. मागावर कापसाची धूळ असतेच, त्यामुळे महिनाभर कुणी मनावर घेतलं नाही. मग एका खासगी डॉक्टरांकडे चार फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी पातळ औषध आणि पाच दिवसांच्या गोळ्या. अडीच हजार रुपये तिथेच गेले, पण बेडका तपासा असं कुणी म्हटलं नाही. ९ जानेवारीला रातपाळीवरून आले ते रुमाल घेऊनच. रुमालाला रक्त होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. बेडका ट्रूनॅट यंत्रावर तपासला आणि सोमवारी, १३ तारखेला, निकाल आला: टीबी आहे, पण रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडतंय. हे दुसरं वाक्य किती महत्त्वाचं ते तेव्हा कळलं नाही. आमच्या सगळ्यांच्या पुढच्या औषधांचा निर्णय त्यावरच होता. रुग्णाचा टीबी औषधांना दाद न देणारा असता, तर घरच्यांसाठीची औषधंही वेगळी लागली असती. म्हणून तो कागद नीट जपून ठेवा आणि दरवेळी सोबत न्या.

संक्रांतीला भावजींचं औषध सुरू झालं. वजन ४७ किलो, त्या हिशेबाने रोज तीन गोळ्या. शुगर आणि एचआयव्हीची तपासणीही केली, ती टीबीच्या प्रत्येक रुग्णाची करतात. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर नाव चढलं, आयडी मिळाला. त्या दिवशी घरात तिळगूळ कुणी कुणाला दिला नाही.

जावेने त्याच संध्याकाळी भावजींचं ताट, वाटी, तांब्या वेगळा काढला. भावजी काही बोलले नाहीत, पण जेवलेही नाहीत.

शनिवारी, १८ जानेवारीला आशाताई आणि टीबी विभागाचे कर्मचारी घरी आले. त्यांना आम्ही सगळे 'टीबीचे सर' म्हणायला लागलो. मी आधीच फोन करून विनंती केली होती की गल्लीत मोठ्याने काही विचारू नका. ते साध्या मोटारसायकलवर आले आणि चपला काढून आत बसले. अशी विनंती करता येते आणि ती पाळली जाते, आमच्याकडे तरी पाळली गेली. कोपऱ्यातलं वेगळं ताट बघून सर जावेला म्हणाले, "ताई, हा आजार भांड्यातून जात नाही, हवेतून जातो. ताट एकच राहू दे, ती खिडकी उघडा." आमची रस्त्याकडची खिडकी धुळीमुळे आणि मागांच्या आवाजामुळे कित्येक वर्षं बंद होती. नवऱ्याने हातोडी घेऊन तिचा खिळा काढला.

मग त्यांनी माणसं मोजली. नुसती रेशन कार्डावरची नव्हे. औषध सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत या घरात कोण कोण झोपायला होतं, कोण दिवसाचे बरेच तास इथे असतं, कोण कुणाच्या शेजारी झोपतं. तेव्हा आठवलं की नणंदेचा मुलगा दिवाळीत पंधरा दिवस भावजींच्याच खोलीत झोपत होता. तो आता सांगलीकडे. त्याचं नाव, फोन त्यांनी घेतला आणि तिकडच्या केंद्राला कळवलं. नणंदेला ते सांगायचं काम मात्र माझ्यावर आलं. "तुझ्या भावाला टीबी झालाय, तुझ्या पोराला तपासायला ने" हे फोनवर बोलायला मला दोन दिवस लागले. ती रडली, रागावली आणि तिसऱ्या दिवशी मुलाला घेऊन गेली. तो ठीक निघाला. हा फोन टाळू नका एवढंच सांगते.

प्रत्येकाला चार प्रश्न होते. खोकला आहे का? ताप येतो का? वजन कमी झालंय का? रात्री घाम येतो का? मुलांच्या बाबतीत आणखी दोन: वजन वाढतंय ना, पहिल्यासारखं खेळतं ना. सगळ्यांची उत्तरं 'नाही'. आत्या तर म्हणाल्या, "मला काय झालंय? पहाटे उठून भाकऱ्या थापतो की मी." सरांनी सगळं लिहून घेतलं आणि तरीही म्हणाले की सगळ्यांच्या छातीचा फोटो काढायचा.

इथे आमच्या घरात पहिला वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, काही होत नसताना एक दिवसाचा पगार कशाला बुडवायचा? आत्यांचं म्हणणं, जास्तच तपासलं की कायतरी निघतंच. मला स्वतःला भीती वाटत होती, पण ती मी कामाच्या सबबीखाली लपवली. नऊ दिवस असेच गेले. शेवटी भावजी नवऱ्याला म्हणाले, "दादा, माझ्यामुळं कुणाला झालं असंल तर मला कळू दे. न कळण्यानं मला झोप येत न्हाई." दुसऱ्या दिवशी सगळे निघालो.

२७ जानेवारीला गेलो तर केस पेपर काढून रांगेत नंबर येईपर्यंत एक्स-रेची वेळ संपली. २९ ला पुन्हा. या वेळी सकाळी साडेआठला खिडकीवर होतो आणि अकरापर्यंत सगळ्यांचे फोटो झाले. पैसे लागले नाहीत. दोन दिवसांचं रिक्षाभाडं ४८० रुपये आणि दोघांची दोन-दोन दिवसांची मजुरी, हा खरा खर्च. रविवारी किंवा संध्याकाळी तपासणीची सोय झाली तर कितीतरी घरांचं अडलेलं काम होईल, असं मला फार वाटतं. जाणाऱ्यांनी आधी फोन करून एक्स-रेची वेळ विचारावी, प्रत्येकाचं आधार कार्ड आणि रुग्णाचा निक्षय आयडी सोबत ठेवावा. बायकांनी गळ्यातलं काढून घरीच ठेवावं. आत्यांचं डोरलं सांभाळत मी अर्धा तास उभी होते.

डॉक्टरांनी एकेक फिल्म बघून बाजूला ठेवली. माझी, नवऱ्याची, मुलाची, जावेची. आत्यांची फिल्म उचलून दिव्यासमोर धरली आणि धरूनच ठेवली. उजव्या बाजूला वर डाग होता.

"आजी, खोकला?"

"न्हाई ओ."

"थकवा?"

"वय झालं, थकायचंच की."

"जेवण?"

"दातच न्हाईत, काय जेवू?"

आत्यांचं वय ६६, दहा वर्षांपासून मधुमेह. साड्यांचे ब्लाउज सैल झाले होते, ते त्यांनी स्वतःच टाचून घेतले होते. मी ते बघितलं होतं. मधुमेहाच्या गोळ्यांमुळे असेल असं मनात म्हणून सोडून दिलं होतं. चार प्रश्नांत वजनाचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर घरातल्या शिलाईच्या डब्यात होतं. म्हणून सांगते, 'वजन कमी झालं का' असं विचारलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या उत्तरावर थांबू नका. ब्लाउज बघा, बांगड्या बघा, कमरेचा करदोरा बघा. आमच्याकडची बाई स्वतःचं दुखणं मोजतच नाही. नंतर वाचलं की २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीचं जे मोठं सर्वेक्षण झालं, त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. लक्षणं विचारून थांबले असते तर ते सुटले असते, तशा आमच्या आत्याही सुटल्या असत्या.

आता बेडका हवा होता, आणि खोकलाच नाही तर बेडका येणार कुठून? पहिल्या दिवशी डबीत नुसती थुंकी आली, ती चालत नाही. आशाताईंनी रीत सांगितली: पहाटे उठल्या उठल्या, काही खाण्याआधी चूळ भरायची, उघड्यावर जाऊन तीन वेळा खोल श्वास घ्यायचा, शेवटचा श्वास क्षणभर रोखून जोरात खोकायचं. आदल्या रात्री गरम पाणी प्यायलं तर सोपं जातं. दोन सकाळी मी आणि आत्या गच्चीवर थंडीत उभ्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून होते. दुसऱ्या सकाळी चमचाभर आला. ३ फेब्रुवारीला दिला, ५ ला निकाल आला. टीबी होता. यांचाही रिफॅम्पिसिनला दाद देणारा. ६ तारखेपासून त्यांचं औषध सुरू झालं.

छोटी जन्मल्यापासून आत्यांच्या कुशीत झोपत होती.

जाऊ त्या रात्री मला म्हणाली, "अक्का, मी भांडी वेगळी करत बसले आणि पोरगी तिथंच झोपत होती." मी काय बोलणार? भावजींमुळे आत्यांना झाला की आत्यांमुळे भावजींना, हे कळायला मार्ग नव्हता. डॉक्टर म्हणाले की तो शोध घेऊही नका, घरात दोषी शोधायला लागलात की औषधं मागे पडतात. आमच्या घरात ते वाक्य बऱ्याचदा उपयोगी पडलं.

छोटीचा एक्स-रे स्वच्छ होता. पण बालरोगतज्ज्ञांनी अंगणवाडीचं वजनाचं कार्ड मागितलं आणि ते आमच्याकडे होतं, हे नशीब. ऑक्टोबरमध्ये ११.२ किलो, जानेवारीत ११.३. तीन महिन्यांत १०० ग्रॅम. घरात दोन मोठ्यांना टीबी आणि मुलीचं वजन थांबलेलं, म्हणून त्यांनी नुसत्या फोटोवर सोडलं नाही. लहान मुलं बेडका गिळतात, त्यामुळे पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी तपासायला घेतात. त्यासाठी एक रात्र दाखल केलं. नळी घालताना ती जेवढी रडली तेवढीच जाऊ रडली. प्रत्यक्ष काम पाच मिनिटांचं होतं. निकाल १२ फेब्रुवारीला आला: टीबी नाही. कुणाच्या लेकराची ही तपासणी सांगितली तर घाबरून घरी नेऊ नका. आदल्या रात्री काही खाऊपिऊ घालू नका, नाहीतर सगळं पुन्हा करावं लागतं.

पाच वर्षांखालच्या मुलांना, आजार नाही याची खात्री झाली की, संसर्गाची वेगळी चाचणी न करताच प्रतिबंधक औषध देतात. कारण इतक्या लहान वयात संसर्गाचं आजारात रूपांतर लवकर होतं आणि आजार मेंदूपर्यंतही जाऊ शकतो. आम्हा मोठ्यांची मात्र हातावर टोचून 'सायटीबी' चाचणी केली. ही पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. जुन्या मांटू चाचणीत लहानपणी घेतलेल्या बीसीजीमुळे घोळ होऊ शकतो, तो हिच्यात होत नाही. सोमवारी १० तारखेला टोचलं, बुधवारी पट्टीने सूज मोजली. पाच मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे संसर्ग आहे. माझी ११, जावेची ९, नवऱ्याची काहीच नाही. त्याला औषध नको, पण लक्षणांवर लक्ष ठेवायचं. मुलगा अठराच्या आतला, म्हणून ही चाचणी त्याला लावली नाही. फोटो स्वच्छ होता, दोन रुग्णांच्या घरात राहतो, म्हणून त्यालाही औषध द्यायचं ठरलं.

संसर्ग म्हणजे आजार नव्हे, हे मला तीनदा समजावून घ्यावं लागलं. जंतू अंगात झोपलेले आहेत, मी कुणाला देऊ शकत नाही, मी आजारी नाही. पण पुढे कधीतरी, मधुमेह झाला, अंगातली ताकद गेली, तर ते उठू शकतात. झोपेतच त्यांना मारायचं, यासाठी औषध.

मला, जावेला आणि मुलाला आठवड्यातून एकदा असे बारा डोस. आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन ही दोन औषधं, जेवणानंतर, एकाच वेळी. मला एका वेळी तीन गोळ्या, मुलाला वजनाप्रमाणे. छोटीला रोज आयसोनियाझिड, सहा महिने. सुरू करण्याआधी कावीळ झाली होती का, दारू घेता का, आणखी कुठली औषधं चालू आहेत असं विचारतात. जाऊ कुटुंबनियोजनाच्या गोळ्या घेत होती. या औषधाने त्यांचा परिणाम कमी होतो, म्हणून तिला दुसरा उपाय वापरायला सांगितलं. हे आपणहून सांगायचं असतं. चारचौघांत लाज वाटते, पण बाजूला बोलावून तरी सांगा.

आम्ही रविवार धरला. पहिला डोस १६ फेब्रुवारी, दुपारच्या जेवणानंतर. त्या संध्याकाळी लघवी केशरी झाली. हे आधी सांगितलेलं असल्यामुळे घाबरलो नाही. दुसऱ्या डोसनंतर जावेला कणकण आली, चक्कर आली, आणि ती म्हणाली, "मला काय रोग न्हाई, आणि हे घेऊन मी आजारी पडायला लागले." या औषधांचं खरं अवघडपण मला तेव्हा कळलं. भावजींना गोळीने खोकला कमी झालेला दिसत होता, तिला मात्र फायद्याचं काही दिसत नव्हतं, फक्त त्रास दिसत होता. टीबीच्या सरांनी फोनवर सांगितलं की भरपेट जेवून घ्या, झोपायच्या आधी घ्या. उलट्या, भूक बंद होणं, डोळे पिवळे होणं, पायाला मुंग्या येणं, यांतलं काही झालं तर गोळी थांबवून लगेच या. तसं काही झालं नाही. रात्री घ्यायला लागल्यापासून चक्करही गेली. पाचवा डोस तिचा माहेरी राहिला, तो दोन दिवसांच्या आत, मंगळवारी घेतला आणि पुढचा पुन्हा रविवारीच. पाडव्याला सातवा डोस होता, श्रीखंड-पुरीनंतर. ४ मे ला बारावा.

छोटीचं रोजचं काम भावजींनी स्वतःकडे घेतलं. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यात गोळी विरघळवायची, वाटी तिच्या हातात द्यायची, मग दिनदर्शिकेवर फुली. स्वतःच्या गोळ्याही तेव्हाच. कामावर ते मार्चमध्ये परत गेले, तरी फुली चुकली नाही.

पैशांचं थोडं. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला महिन्याला १,००० रुपये मिळतात, ३,००० चे दोन हप्ते. भावजींचे वेळेत आले. आत्यांचं खातं आप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, नावासोबत जोडलेलं, अनेक वर्षं व्यवहार नसल्याने बंद पडलेलं. मी स्वतः पतसंस्थेत बसते आणि घरातल्या माणसाचं खातं बंद आहे हे मला माहीत नव्हतं. नवीन खातं, आधार जोडणी, यात सहा आठवडे गेले. रुग्णाचं खातं चालू आहे का, ते पहिल्याच आठवड्यात बघा. घरातल्या बाकीच्यांना हे पैसे नसतात, पण निक्षय मित्रांकडून, म्हणजे टीबी रुग्णांना मदत करायला पुढे आलेल्या लोकांकडून आणि संस्थांकडून, मिळणाऱ्या धान्याच्या संचात आता घरच्यांचाही समावेश आहे, विचारून घ्या. झारखंडमध्ये एका मोठ्या अभ्यासात टीबी रुग्णांच्या घरच्यांना सहा महिने तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वं दिली, तर त्या घरांत नवे रुग्ण खूपच कमी झाले. २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ते वाचल्यापासून तुरीच्या डाळीला मी औषधाच्याच यादीत धरते. आम्ही रोज एक अंडं आणि मूठभर शेंगदाणे सगळ्यांना ठेवले, फक्त रुग्णांना नव्हे.

भावजींचं औषध १ जुलैला संपलं, आत्यांचं २४ जुलैला. आत्यांची शुगर मध्ये दोनदा वाढली, गोळ्या बदलाव्या लागल्या. टीबीच्या औषधांनी मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो, तेव्हा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. ऑगस्टमध्ये अंगणवाडीत छोटीचं वजन १२.६ भरलं.

दोघांना आता दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचंय. आत्यांची पहिली तारीख जानेवारीत, ती मी नव्या दिनदर्शिकेची वाट न बघता भिंतीवर पेन्सिलने लिहिली आहे. खाली टीबीच्या मोफत मदतवाहिनीचा नंबरही, १८००-११-६६६६. भावजींच्या पाळीतले दोघे खोकतात. ते शेजारच्या मागावर असतात, एकाच खोलीत डबा खातात. एकजण मागच्या सोमवारी फोटो काढून आला. दुसऱ्याच्या घरी या रविवारी आत्या आणि मी जाणार आहोत.